अपडाऊन

पॉलिसीच्या सातव्या पानावर
मुंगीएवढ्या अक्षरांत एक रकाना आहे:
वापराच्या मर्यादा.
सहा वर्षं हप्ता भरला,
ते पान काही उलटलं नव्हतं.
डिक्कीत स्टेपनीखाली, पीयूसीच्या कागदांसोबत
प्लास्टिकच्या पिशवीत झोपून होतं.

तुरीतून रोही निघाला
तेव्हा सकाळचे पावणेआठ, धुई उतरलेली.
बॉनेट दुमडलं, एक दिवा गेला.
रोही उठला, तीन पायांवर परत तुरीत शिरला.
मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर,
बँडेजची पेटी घेऊन धुऱ्यावर उभा राहिलो.
त्यानं काही मागं वळून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी लांजेवार आले, सर्व्हेअर,
अमरावतीहून, एसटीनं,
बॅगेत टेप, गळ्यात कार्ड.
आधी नंबरप्लेट पाहिली. पांढरी.
मग मागची सीट.
मग विचारलं, "कोण कोण होतं?"

कोण कोण होतं.
उईके सिस्टर. गुल्हाने मास्तर.
आणि पोस्टातली नवी पोरगी, जी फाट्यावर चढते
आणि उतरेपर्यंत काचेला डोकं टेकून झोपते.
आठची गाडी बंद झाली त्या वर्षापासून
वरुड ते मुरुमखेडा आमचं हे अपडाऊन.
गिअरजवळ सुपारीचा जुना डबा,
ज्यानं त्यानं रोज तीस रुपये टाकायचे.
मास्तर कधी कधी विसरतात.

"म्हणजे भाडं," लांजेवार म्हणाले.
"भाडं कायचं जी!" सिस्टर दवाखान्याच्या पायरीवरूनच,
"पेट्रोलपाणी हाये थे.
मी याच्या पोराले सुई देतो, त भाडं घेतो काय?"

लांजेवार हसले नाहीत. सांगत राहिले
हळू, चौथीच्या वर्गाला सांगतात तसं:
घरून कामावर जाणं चालतं.
आपल्या कामानं गावोगाव फिरणं, तेही,
लसीची थंड पेटी शेजारच्या सीटवर असली तरी.
पण पैसे घेऊन माणूस बसवला
की त्या क्षणी गाडी दुसरी होते.
माल भरला, की तिसरी.
रंग तोच, चेसिस नंबर तोच,
कागद मात्र तिला ओळख देत नाही.

मला शनिवारची ढेपेची तीन पोती आठवली,
बोंद्रेकाकूंच्या म्हशीसाठी आणलेली,
आणि त्या बदल्यात त्यांनी डिक्कीत ठेवलेली
पाटीभर संत्री.
एक संत्रं सीटखाली राहिलं होतं,
वाळून चामड्यासारखं.
लांजेवारांनी वाकून ते काढलं, टपावर ठेवलं.
लिहिलं काहीच नाही.

फॉर्मवर एक ओळ कोरी होती.
अपघाताच्या वेळी वाहनाचा वापर.
बोटभर जागा.
रात्रीपासून कळा देत असलेली मसरामांची सून
तीत मावणार होती का,
जिच्यासाठी सिस्टर सारखं घड्याळ बघत होत्या?
आणि मास्तरांची हजेरीची वेळ?
पोस्टातल्या पोरीची झोप?

मी डबाच आणून उघडला.
एकशे दहा रुपये, त्यात एक फाटकी वीसची,
तळाशी घडी घातलेली चिठ्ठी:
मंगळवारचे बाकी. गुल्हाने.
लांजेवारांनी ती दोनदा वाचली,
होती तशी घडी घालून परत ठेवली.

मग मी लिहिलं,
नोकरीवर जाणे. सोबत तिघे. पेट्रोल वाटून.
खोडलं नाही, वाढवलंही नाही.
"कंपनी काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही,"
ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं,
"खरं लिहिलंत, ते बरं केलंत."
यातलं कोणतं वाक्य कार्ड घातलेल्या माणसाचं होतं
ते मला अजून कळलेलं नाही.

तोवर साडेपाचची एसटी निघून गेलेली.
बॉनेट सुतळीनं बांधलं,
एका दिव्यावर त्यांना फाट्यापर्यंत नेलं.
उतरताना सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला
आणि तिथंच थांबला.
आम्ही दोघंही डब्याकडे बघत होतो.

परतताना तुरीजवळ मी गाडी हळू केली.